तेजस्वी नोटांचा भाव

त्या संध्याकाळी लाँड्रीच्या कॅन्टीनमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पाळी केव्हाच सुटली होती, तरी एकही माणूस घरी गेला नव्हता. बाकांवर इस्त्री विभागातल्या बायका, खिडकीच्या कट्ट्यावर टेम्पोचे ड्रायव्हर आणि दाराशी दवाखान्याच्या चादरींच्या गाठोड्यांना टेकलेली धुलाईची माणसं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. पुढे टेबलावर काळं कापड, कापडावर काळी पेटी आणि पेटीमागे उजेडबाबा.

हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, लोकांनी ठेवलेलं. ना दाढी, ना जटा, ना गळ्यात माळा. पांढराशुभ्र सफारी, चकाकणारे बूट आणि हातात दोन मोबाईल. पूर्वीचे बाबा अंगारा द्यायचे, हा बाजारभाव सांगायचा.

“मंडळी, नोट म्हणजे काय? कागद? छे छे! नोट म्हणजे ऊर्जेची बँक!” त्याने एक बोट वर केलं. “ज्या हातातून नोट जाते, त्या हाताची व्हायब्रेशन्स ती पिऊन घेते. कष्टाच्या, निर्मळ हातातली नोट आतून पेटते. लबाडाच्या हातातली विझते. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही. पण माझ्या पेटीला दिसतं! आणि अशा तेजस्वी नोटेला परदेशातले संग्राहक काय देतात, ठाऊक आहे? आकडा सांगितला तर तुम्हाला झोप यायची नाही.”

“सांगा ना बाबा!” एक ड्रायव्हर ओरडला.

“लाखांत,” बाबा हळूच म्हणाला, आणि मागच्या रांगा पुढे सरकल्या.

मग दिवे मालवले. पेटीला वरून नोट सोडण्यापुरती फट होती आणि समोर तळहाताएवढी काच. आत जांभळा दिवा. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या एका काकूंनी अ‍ॅप्रनच्या खिशातून चुरगळलेली नोट काढली, कपाळाला लावली आणि फटीत सोडली. काचेमागे ती नोट निळसर पांढऱ्या उजेडाने अशी फुलली, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले.

“तेजस्वी!” बाबा गरजला. टाळ्या पडल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींवरचे डाग काढणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कोणी चारचौघांत निर्मळ म्हटलं होतं.

त्यानंतर पगार वाटणाऱ्या कारकुनाला पुढे ढकललं. त्याची कोरी करकरीत नोट फटीत गेली आणि काचेमागे अंधारच राहिला. त्यात फक्त बारीक रंगीत ठिपके आणि एक चमकती रेघ तेवढी दिसली.

“हे पाहा,” बाबा दुःखी चेहरा करून म्हणाला, “हे पापाचे डाग.”

कॅन्टीन हसून हसून लोळलं. कारकून खाली मान घालून बाहेर गेला. मी लाँड्रीतला नव्हे, बहिणीबरोबर आलेला; भिंतीला टेकून हे पाहत होतो आणि माझं डोकं तापत होतं. कारण ते ठिपके आणि ती रेघ म्हणजे नोट अस्सल असल्याची खूण असते. छापखान्यात मुद्दाम घालतात. आणि इथे त्या खुणेवरून एका सरळ माणसाची अब्रू गेली होती.

मी काही बोलणार तेवढ्यात माझी ताई उठली. इस्त्री विभागात तिचा शब्द चालतो. ती पुढे गेली, तिने ब्लाउजमधून एक छोटी पिशवी काढली आणि पिशवीतून शंभराची नोट. ती नोट मी ओळखली.

पेटीतली नोट लख्ख उजळली. इतर सगळ्यांपेक्षा जास्त.

“हा उजेड तुमचा नाही, ताई,” बाबाने आवाज एकदम मऊ केला. “हा दुसऱ्या कोणाचा आहे. गेलेल्या माणसाचा. खरं की नाही?”

ताई तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. ताईला नवरा नाही, हे लाँड्रीत कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण त्या क्षणी हे कोणाला सुचणार?

*

मी नोटांचाच माणूस आहे. जिन्याखालचं माझं अरुंद दुकान, तिथे जुन्या नोटा, नाणी आणि टपालाची तिकिटं मिळतात. रोज कोणी ना कोणी मोबाईलवर व्हिडिओ पाहून येतं, घामेजलेली नोट काउंटरवर ठेवतं आणि डोळे बारीक करून विचारतं, “किती लाख?” मी म्हणतो, “जेवढी छापलीय तेवढी.” मग तो माझ्याकडे असं बघतो, जणू मीच त्याचे लाख गिळलेत.

लोकांना वाटतं, जुनं झालं की महाग होतं. तसं असतं तर मलाही बरा भाव आला असता. नोट किती छापली, त्यातली किती उरली आणि उरलेली कशी राहिली, यावर सगळं असतं. एकाच गड्डीतल्या दोन नोटा, एक कोरी आणि एकीला मधोमध घडी पडलेली, तर पहिलीला गिऱ्हाईक येतं आणि दुसरीला सहानुभूती. छपाईत शाई सांडली, आकडा उलटा बसला, तर तीच नोट संग्राहक डोक्यावर घेऊन नाचतात. माणसाच्या चुकीला इतका भाव दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाही. पण हे सगळं कागदाचं आणि शाईचं. नोट कोणाच्या हातात होती, तो हात पुण्यवान होता की पापी, याचे पैसे मी आजवर कोणाला दिले नाहीत आणि मला कोणी दिले नाहीत.

ताईच्या त्या नोटेची गोष्ट मात्र कागदाची आणि शाईची नव्हती. भावोजी लाँड्रीतच मशीन दुरुस्तीला होते. एका संध्याकाळी घराच्या मागच्या गॅलरीतला बल्ब गेला. अर्धा चहा तसाच ठेवून ते “आत्ता आणतो” म्हणून निघाले आणि दुकानापर्यंत पोहोचलेच नाहीत. कोपऱ्यावरच छातीत कळ आली. दवाखान्यातून त्यांचे कपडे पिशवीत भरून मिळाले. लाँड्रीतली बाई, हातात कपडा आला की आधी भिजवणार. रडत रडत तिने तो शर्ट पावडरमध्ये भिजवला, धुतला, वाळवला. इस्त्री करताना खिशात ती शंभराची नोट सापडली. बल्बसाठी घेतलेली. ती तिने पिशवीत घालून ठेवली. त्या गॅलरीत नंतर बल्ब कधी लागला नाही. कोणी विषय काढला तर ताई म्हणायची, “राहू दे.” भाची अंधारातच वाळलेले कपडे काढायची, आणि मी दर वेळी तिथल्या बादलीला अडखळायचो.

अशी नोट होती ती. तिला भाव कोण लावणार?

उजेडबाबाने लावला. म्हणे, परदेशी लिलावात ती घराच्या किमतीला जाईल. फक्त आधी नोंदणी हवी, मग विमा, मग शिक्का. नोंदणीचे पैसे ताईने त्याच संध्याकाळी भरले. इतरांनीही भरले. कोणी पोराच्या फीचे, कोणी मोडक्या छपराचे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि स्पष्ट सांगितलं, “ताई, ती नोट धुतली गेलीय. आमच्या धंद्यात असाच जांभळा दिवा असतो. जी नोट चमकते ती आम्ही बाजूला टाकतो. धुतलेल्या नोटेला संग्राहक हात लावत नाहीत. तो माणूस उलटं सांगतोय.”

ताई शांतपणे चहा गाळत होती. “हेच बोलणार तू, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“की व्यापारी येतील आणि म्हणतील, धुतलेली आहे, टाकाऊ आहे. नाक मुरडतील आणि मग स्वस्तात मागतील.” तिने कप माझ्यापुढे ठेवला. “तू माझा भाऊ आहेस म्हणून मी रागावत नाही. पण तू व्यापारीच ना रे?”

त्या माणसाने आग लागण्याआधीच पाणी ओतून ठेवलं होतं. त्या सगळ्या गर्दीत नोटांतलं कळणारा मी एकटाच, आणि माझ्यावरच विश्वास ठेवायचा नाही अशी व्यवस्था झाली होती. मी जितकं जास्त सांगेन तितका जास्त लबाड ठरेन. त्या घरातून मी चहा न पिता निघालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याची लाज वाटली.

*

माझी भाची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर बसते. पोरगी प्रश्न विचारण्यात पटाईत. पुढच्या बैठकीला आईबरोबर ती गेली आणि तिने सगळ्यांसमोर हात वर केला.

“दिवा पेटीतच का ठेवता? बाहेर काढून दाखवा ना.”

उजेडबाबा हसला. “ताई, ही तुमची मुलगी? हिची नोट टाका पाहू.”

तिची नोट पेटीत पडली. काळी. ठिपके, रेघ आणि अंधार. ती काळी निघणारच होती. तिचा पगार बँकेत जमा होतो, नोटा एटीएममधून निघतात आणि कोरड्या पाकिटात राहतात. पण कॅन्टीनमध्ये कोणी हसलं नाही. बाबा सावकाश बोलला, “आता कळलं. ताई, तुमच्या घरात एक हात उजेड लावतोय आणि एक हात तो खातोय. गेलेल्या माणसाची नोट या मुलीच्या सावलीत टिकायची नाही. पुढच्या बैठकीला परदेशी साहेबांचा माणूस नोट न्यायला येणार आहे. तोवर ही मुलगी त्या घरात राहता कामा नये. आणि नोटेच्या रक्षणासाठी तुमच्या बांगड्या पेटीत ठेवा. सोन्याला सोन्याची सोबत लागते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची माझ्या दुकानात आली. हातात कपड्यांची बॅग होती.

“मामा, मी तुझ्याकडे राहू?”

“अगं, हे काय विचारणं झालं? पण झालं काय?”

“आईने रागावून काढलं असतं तर बरं झालं असतं,” ती स्टुलावर बसली. “तिने माझ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. नीट, एकावर एक. बॅग भरून दिली. म्हणाली, थोडे दिवस जा, तुझ्या बाबांची नोट जाईपर्यंत. आणि मग म्हणाली, तू त्या दिवशी त्यांच्याबरोबर बल्ब आणायला का नाही गेलीस?”

असं म्हणून ती रडली. मला त्या सफारीवाल्याचा राग आला, ताईचाही आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. पैसे गेले तर पुन्हा मिळतात. बांगड्या पुन्हा घडवता येतात. पण आईने पोरीबद्दल एकदा असं मनात घेतलं की ते कशाने निघणार?

मी बडबडत सुटलो. “मी पुढच्या बैठकीला जातो. सगळ्यांसमोर सांगतो. माझ्याकडच्या धुतलेल्या नोटा दाखवतो, पुस्तकं दाखवतो...” बोलता बोलता मी काउंटरखालचा जांभळा हातदिवा काढला आणि एक टाकाऊ नोट त्याच्याखाली धरली. “हे बघ, चमकते की नाही?”

भाची नोटेकडे बघतच नव्हती. ती स्वतःच्या बाहीकडे बघत होती. दुकानाच्या अर्धवट अंधारात तिच्या पांढऱ्या कोटाची बाही, दिव्याच्या कडेला आलेली, लख्ख निळी पेटली होती.

“मामा,” ती डोळे पुसत म्हणाली, “नोटेबद्दल एक शब्द बोलायचा नाही.”

*

पुढच्या बैठकीला पुन्हा तीच गर्दी होती. ताई पुढच्याच बाकावर, मांडीवर रुमालात गुंडाळलेल्या बांगड्या. तिच्याशेजारची जागा रिकामी होती. परदेशी साहेबांचा म्हणवला जाणारा माणूस टाय लावून उभा होता आणि घाम पुसत होता.

दिवे मालवले, बाबाने पेटीचा दिवा लावला, आणि तेवढ्यात माझी भाची टेबलासमोर जाऊन उभी राहिली. आई दचकली.

“तू इथे कशाला आलीस?”

“आई, माझी नोट काळी निघाली, मला मान्य आहे,” ती म्हणाली. “पण नोट तर शंभर हातांतून फिरलेली असते. मग माझीच तपासणी करा ना. पेटी उघडा, दिवा माझ्या अंगावर धरा. मी काळी असेन तर या क्षणी घर सोडते. कायमचं.”

“दिव्याचा असा खेळ करायचा नसतो!” बाबा म्हणाला. “तेज सहन व्हायचं नाही तुला.”

“नोटेला होतं, मला होणार नाही?”

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, “धरा की बाबा, पोरगी एवढं म्हणतेय तर.” बाबाने पेटीवर हात ठेवला आणि तो हात काढलाच नाही. मी भिंतीपासून सुटलो, दोन ढांगांत पुढे गेलो आणि माझा हातदिवा पोरीवर धरला.

तिच्या अंगातला पांढरा कोट असा पेटला, की पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. कॉलर, बाह्या, गुंड्यांमधला दोरासुद्धा.

“उजळली!” प्रेसवाल्या काकू ओरडल्या. “अगं बाई, पोर सगळीच्या सगळी उजळली!”

मी दिवा फिरवला. काकूंचा अ‍ॅप्रन पेटला. ड्रायव्हरांचे रुमाल पेटले. दाराशी पडलेली दवाखान्याच्या चादरींची गाठोडी पेटली. दुरून तमाशा बघत उभ्या असलेल्या त्या कारकुनाचा शर्ट तर टाय लावलेल्या माणसापेक्षा जास्त पेटला. शेवटी मी दिवा उजेडबाबावर आणला. त्याचा सफारी असा झगमगला, की सगळ्या कॅन्टीनमध्ये त्याच्याएवढा पुण्यवान कोणी नव्हता.

कोणीतरी फिसकन हसलं. बाबा सावरला. असली माणसं सावरण्यात तरबेज असतात.

“पाहिलंत? ही माझ्या पेटीची ताकद! सगळी जागाच पावन झाली!”

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. आमची अक्कल इथवरच पोहोचली होती.

तेव्हा ताई उठली.

“तुझी नोट दे,” ती मुलीला म्हणाली. काळी ठरलेली नोट अजून तिच्या पाकिटात होती. ताईने ती घेतली, कॅन्टीनच्या मोरीजवळ गेली, फडकी भिजवायच्या बादलीत मूठभर लाँड्रीची पावडर टाकली आणि नोट त्यात बुडवली. तिने नोट खळबळली, वर काढली, टॉवेलात दाबली आणि शेजारच्या खोलीत गेली. छोट्या प्रेसचा वाफेचा आवाज आला. ती परत आली तेव्हा नोट इस्त्री केलेल्या रुमालासारखी सपाट होती. तिने ती बाबाच्या फटीत सोडली.

काचेमागे निळसर पांढरा उजेड फुलला.

“आईच्या हातांनी मुलीचं पाप धुतलं गेलं!” बाबा लगेच म्हणाला. “धन्य ते हात!”

ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पुन्हा मोरीजवळ गेली. तिथे खिळ्याला टांगलेलं संडासाची फरशी पुसायचं पांढरं फडकं तिने काढलं, एका टोकाला पीळ दिला आणि ते टोक पेटीच्या फटीत कोंबलं.

फडकं सगळ्या नोटांच्या वरताण उजळलं.

“हे कोणाचं तेज?” ताई म्हणाली. “हे आम्ही रोज धुतो. सांगा ना. हे किती लाखाला जाईल?”

आधी प्रेसवाल्या काकू हसल्या, मग ड्रायव्हर, मग सगळं कॅन्टीन. टाय लावलेला माणूस त्या हसण्याच्या गडबडीत दाराबाहेर सटकला. बाबा मात्र सापडला. पुढचं पोलिसांनी पाहिलं. नोंदणीचे थोडे पैसे परत मिळाले, बरेच बुडाले.

हसली नाही ती ताई. तिने हळूच विचारलं, मला नाही, मुलीला, “मग ते त्यात नव्हते?”

“नाही, आई.”

“मीच पावडर लावली होती. हो ना?”

“हो.”

*

यातलं गुपित अगदी साधं आहे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक पदार्थ घालतात. डोळ्यांना न दिसणारा जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश तो शोषतो आणि निळसर पांढरा करून परत टाकतो. धुतलेल्या प्रत्येक कपड्यात तो उरतो. नोटेचा कागद मात्र मुद्दाम असा बनवलेला असतो की त्या दिव्याखाली तो अंधारा राहावा आणि फक्त खुणेचे धागे आणि ठिपके चमकावेत. लाँड्रीतल्या माणसांच्या नोटा ओल्या अ‍ॅप्रनच्या खिशात, पावडरच्या पाण्यात भिजत असत. कारकुनाच्या नोटा कपाटात कोरड्या. बस, पाप-पुण्याचा फरक एवढाच. पेटी यासाठी, की दिव्याला नोटेखेरीज दुसरं काही दिसू नये.

आता हे सगळ्यांना पटलं असं समजू नका. प्रेसवाल्या काकू परवा मला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “खोटं होतं ते कळलं हो. पण तुम्ही उगाच एवढ्या घाईने कळवलंत. चार दिवस बरं वाटत होतं.” त्यांना निर्मळ म्हणायला एका ठगाची वाट पाहावी लागली, ही आपल्या सगळ्यांची लाज आहे.

तरीही माझं सांगणं एकच. कोणी चमत्कार दाखवला तर चमत्काराकडे बघू नका, पेटीकडे बघा. ती बंद का आहे, असं विचारा. पुन्हा विचारा. आणि प्रश्न विचारणाऱ्या माणसालाच जो घराबाहेर काढायला सांगतो, त्याला तुम्ही घराबाहेर काढा.

त्या बैठकीनंतर ताई बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. भाची परत घरी राहायला गेली होती, पण दोघींत जेवण वाढण्यापुरतंच बोलणं होतं. बल्बबद्दल विचारलेला तो प्रश्न दोघींच्या मध्ये तसाच बसून होता. मग एका संध्याकाळी ताई दुकानात आली. तिने ती पिशवी काउंटरवर उलटी केली.

“तू नोटांचा माणूस ना? सांग, किती येतील?”

मी नोट हातात घेतली. दिवा काढला नाही.

“शंभर,” मी म्हणालो. “जेवढी छापलीय तेवढी.”

“बरं,” ती म्हणाली आणि नोट उचलून बाहेर पडली.

मी दुकानाचं शटर ओढून तिच्या मागे गेलो. ती कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानासमोर उभी होती. भावोजी जिथे पोहोचले नव्हते, तिथे. तिने नोट दिली. दुकानदाराने ती न पाहता गल्ल्यात इतर नोटांवर टाकली, उरलेले पैसे दिले आणि बल्ब लावून दाखवला.

घरी आल्यावर तिने मुलीला हाक मारली. “ये, स्टूल धर. माझा हात पुरत नाही.”

पोरगी आली. तिने स्टूल धरलं, मग म्हणाली, “तू उतर, मी चढते.” ताई उतरली. पोरीने गॅलरीत बल्ब बसवला, ताईने बटण दाबलं. उजेड पडला तेव्हा ताईने आधी बल्बकडे पाहिलं नाही. तिने मुलीचा चेहरा पाहिला, बराच वेळ, आणि म्हणाली, “तुझी चूक नव्हती गं. माझीही नव्हती.”

मग दोघींनी मिळून दोरीवरचे कपडे काढले.